गेनमाइचा कधी पाणचट, कधी तुरट का होतो?

प्रश्न थोडक्यात असा: भाजलेला तांदूळ घातलेला जपानी ग्रीन टी, म्हणजे गेनमाइचा, ग्रीन टीच्या नेहमीच्या सल्ल्याप्रमाणे ७० अंशांच्या पाण्यात दोन मिनिटं ठेवला. एकदा पाणचट झाला, एकदा तुरट, आणि तो खमंग वास पाकीट उघडताना आला तेवढाच. चूक कुठे होतेय?

चूक त्या सल्ल्यातच आहे. ७० अंश हे चांगल्या सेन्चासाठी, म्हणजे जपानच्या नेहमीच्या, नुसत्या पानाच्या ग्रीन टीसाठी ठीक. कोवळ्या पानातला गोडवा आणि उमामी (भरीव, रश्श्यासारखी चव) देणारं थियानिन कमी गरम पाण्यातही उतरतं, तर कडू-तुरट कॅटेचिन आणि कॅफिन जास्त उष्णतेला भराभर सुटतात. म्हणून तिथे पाणी निववतात. पण बहुतेक गेनमाइचात पान असतं बान्चाचं, म्हणजे उशिराच्या तोडणीचं जून पान. त्यात थियानिन मुळात कमी, त्यामुळे थंड पाणी वापरून जपण्यासारखं फारसं काही नसतं. उलट भाजलेल्या तांदळाचा वास कपात यायला पाणी चांगलं कढत लागतं. ७० अंशांवर तांदूळ गप्प बसतो, आणि दोन मिनिटांत पानाचा तुरटपणा मात्र हळूहळू उतरत राहतो. पाणी जास्त गरम, वेळ कमी, हे गेनमाइचाचं गणित.

बान्चावाल्या मिश्रणासाठी सुरुवात अशी करा: ५ ग्रॅम चहा, २०० मिली पाणी, ९५ अंश, ३० ते ४० सेकंद. पाकिटावर सेन्चा लिहिलं असेल आणि पानं सुईसारखी, गडद हिरवी दिसत असतील तर ८५ अंश आणि ४५ सेकंद. माच्चा, म्हणजे ग्रीन टीची बारीक पूड, घातलेला गेनमाइचा मिळतो (तांदळावर हिरवी भुकटी चिकटलेली दिसते), त्यालाही ८० ते ८५ पुरे. त्याचा कप गढूळ हिरवा होतो आणि तळाला गाळ बसतो, हे खराब मालाचं लक्षण नाही.

थर्मामीटर नसेल तर उकळतं पाणी खोलीच्या तापमानाच्या दुसऱ्या भांड्यात ओतलं की साधारण १० अंश उतरतं. म्हणजे सेन्चावाल्या मिश्रणासाठी एकदा ओतून मग किटलीत. बान्चासाठी उकळी बसली की सरळ ओता. पुण्यात पाणी ९८ अंशांच्या आसपास उकळतं, महाबळेश्वरला ९५-९६ ला, तेव्हा तिथे तर निववायचा प्रश्नच नाही.

आता एकदा पाणचट आणि एकदा तुरट का, ते. चमच्याने मोजत असाल तर कारण बहुधा पाकिटातच आहे. तांदूळ जड, पान हलकं. हाताळताना तांदूळ आणि पानाचा चुरा तळाला जातो, मोठी पानं वर राहतात. नवं पाकीट फोडून वरून चमचा भरला की त्यात जवळजवळ पानच येतं आणि कप तुरट होतो. पाकीट संपत आलं की नुसता तांदूळ आणि भुकटी. जोराने हलवून मिसळायला गेलात तर पान आणखी तुटतं. मिश्रण ताटात ओतून हलक्या हाताने खालीवर करा, डब्यात भरा, आणि चमचा तळापर्यंत घालून काढा. शक्य असेल तर ग्रॅमचा काटा वापरा. तांदळामुळे हा चहा नुसत्या पानापेक्षा बराच जड भरतो, त्यामुळे सेन्चाचा चमचा इथे लागू पडत नाही.

मिश्रणातच दोष आहे का हे कळायला एक सोपी परीक्षा आहे. चिमट्याने किंवा बोटांनी ३ ग्रॅम तांदूळ आणि ३ ग्रॅम पान वेगवेगळं करा (वैताग येतो, पण एकदाच करायचंय). दोन पांढऱ्या कपांत घालून प्रत्येकात १५० मिली उकळतं पाणी ओता आणि एक मिनिटाने गाळा. आधी तांदळाचा कप घ्या. तो फिकट सोनेरी, गोडसर आणि खमंग हवा. पिठूळ, कच्चा वास आला तर तांदूळ कमी भाजलाय. कॉफीसारखा धुरकट कडवटपणा आला तर करपवलाय, आणि मग तुम्ही पानाला दोष देत बसलात तरी तापमान बदलून तो जाणार नाही. खवट वास आला तर तांदळातलं तेल बिघडलंय, पाकीट फेकून द्या. मग पानाचा कप. एवढ्या कढत पाण्यात तो थोडा तुरट लागणारच, पण मागे गवताळ ताजेपणा राहिला पाहिजे. नुसता सुकलेल्या गवतासारखा, चपटा लागला तर पान शिळं आहे. शेवटी दोन्ही निम्मे-निम्मे मिसळून प्या. पान आणि तांदूळ वजनाने समसमान, हे गेनमाइचाचं नेहमीचं प्रमाण. हा मिसळलेला कप आवडला आणि पाकिटातला नेहमीचा आवडत नसेल, तर तुमच्या पाकिटातलं प्रमाण बिघडलंय.

मिश्रणात दिसणाऱ्या पांढऱ्या फुललेल्या लाह्या दिसायला छान, चवीचं काम मात्र मुख्यतः तपकिरी दाणे करतात. लाह्या जास्त म्हणजे चहा भारी, असं समजून जास्त पैसे मोजू नका. आणखी एक: अनेक उत्पादक विनापॉलिश तांदळाऐवजी पॉलिश केलेला किंवा चिकट मोची तांदूळ वापरतात. चवीला त्याने काही बिघडत नाही.

चव घेताना किटलीच्या झाकणाचा आतला भाग आधी हुंगा, तांदळाचा वास तिथे सर्वांत स्वच्छ मिळतो. पहिला घोट आवाज करत, हवेसकट ओढा. कप थोडा निवला की पान पुढे येतं, तेव्हा पुन्हा प्या. तुरटपणा जिभेच्या कडांना लागून विरला तर ठीक. तोंड कोरडं पडलं तर पुढच्या वेळी तापमानाला हात न लावता वेळ दहा सेकंदांनी कमी करा.

ओतताना शेवटच्या थेंबापर्यंत रिकामं करा. तळाला उरलेलं पाणी पुढच्या वेळी पाणी ओतेपर्यंत मुरत राहतं आणि दुसरा कप कडू होतो. दोन-तीन कप असतील तर थोडं थोडं आळीपाळीने ओता, नाहीतर शेवटचा कप सर्वांत कडक होतो. जपानी क्युसू (चहाची छोटी किटली) नसली तरी चालतं, पण तारेच्या गोळ्यात किंवा चिमट्याच्या गाळणीत हा चहा कोंबू नका. पान फुगायला जागा मिळत नाही आणि तांदळाचा चुरा जाळीत अडकतो. कपात बसणारी रुंद, बारीक जाळीची गाळणी घ्या.

त्याच चहावर दुसऱ्यांदा ओतताना थेट उकळतं पाणी आणि २० ते ३० सेकंद. तांदळाचा बराचसा वास पहिल्या कपातच निघून गेलेला असतो, त्यामुळे हा कप पानाचा लागतो. त्यात वेगळा भाजलेला तांदूळ पाव चमचा घातला तर फरक लगेच कळतो. तो घरी करता येतो: ५० ग्रॅम हातसडीचा तांदूळ धुऊन कापडावर पूर्ण कोरडा करा, जाड बुडाच्या कढईत मंद आचेवर सतत हलवत १२ ते १५ मिनिटं भाजा. दाणा आधी अपारदर्शक होतो, मग सोनेरी, मग तडतडतो. तपकिरी छटा येताच ताटात काढा, कारण गरम कढईत तो भाजत राहतो. पूर्ण थंड झाल्याशिवाय पानात मिसळू नका, वाफेने पान मऊ पडतं. आंबेमोहोराचा आखूड दाणा यासाठी छान. उकडा तांदूळ टाळा, त्याचा स्वतःचा वास चहावर बसतो.

पाण्याबद्दल: जपानमधलं पाणी बहुतांशी मऊ. बोअरवेलच्या किंवा टँकरच्या जड पाण्यात रंग काळपट होतो, वर तवंग येतो आणि वास मरतो. निव्वळ आरओचं पाणी उलट फार सपाट लागतं. दोन्ही मिसळून बघा.

रात्री चालेल का, हेही विचारलं आहे. जपानच्या अन्नघटक सारणीत १०० मिली सेन्चात २० मिलिग्रॅम कॅफिन आहे आणि गेनमाइचात १०. निम्म्या वजनाचा तांदूळच असल्यामुळे हे साहजिक आहे. माच्चा घातलेला मात्र या हिशोबात बसत नाही, तो दुपारपर्यंतच घ्या. दूध नको. साखर घालायची असेल तर साधा ग्रीन टी घ्या, स्वस्त पडेल.

फोडलेलं पाकीट दोन महिन्यांत संपवा, आपल्या पावसाळ्यात त्याहून लवकर. हवाबंद, अपारदर्शक डबा आणि मसाल्यांपासून दूरची फळी. फ्रिजमध्ये न फोडलेलं पाकीटच ठेवा, आणि बाहेर काढल्यावर खोलीच्या तापमानाला आल्याशिवाय कापू नका, नाहीतर आत दव धरतं.