बॅटरी साडेचार वर्षांची झाली, सकाळी सेल्फ जड जातो. बदलावी की अजून चालेल?

तुमची पेट्रोल हॅचबॅक नागपुरात उघड्यावर उभी असते, डिसेंबर लागल्यापासून सकाळचा पहिला सेल्फ कण्हत लागतो, आणि गॅरेजवाले "बॅटरी गेली, बदला" म्हणतात, असं तुम्ही लिहिलंय. मीही नागपूरचाच. माझ्या मते गॅरेजवाल्यांचं बहुधा बरोबर आहे. तरी पैसे मोजण्याआधी मल्टिमीटर (व्होल्टेज मोजायचं छोटं यंत्र) लावून बघाच, कारण दोष अल्टरनेटरचा, म्हणजे इंजिन चालू असताना बॅटरी चार्ज करणाऱ्या भागाचा असला तर नवी बॅटरीही थोड्याच दिवसांत बसेल.

आपल्याकडे बॅटरीला मारतो तो उन्हाळा. मे महिन्यात पारा ४५च्या पुढे जातो आणि बंद बॉनेटखाली त्याहून कितीतरी जास्त तापतं. अशा उष्णतेत आतलं पाणी उडतं, शिशाच्या जाळ्या झपाट्याने गंजतात. तापमान साधारण १० अंशांनी वाढलं की झिजण्याचा वेग जवळपास दुप्पट होतो. तरीही उन्हाळ्यात गाडी सुरू होत राहते, कारण इंजिन गरम असतं, ऑइल पातळ असतं, फार ताकद लागत नाही. डिसेंबरात पहाटे ऑइल घट्ट होतं, बॅटरीतली रासायनिक क्रिया मंदावते आणि मे महिन्यातलं नुकसान तेव्हा कळतं. म्हणून "काल तर ठीक होती" यावर विसंबू नका. आपल्या हवेत साडेचार वर्षं म्हणजे बॅटरीने आपलं काम केलंय.

आता तपासणी. गाडी रात्रभर उभी राहू द्या आणि सकाळी दार न उघडता... म्हणजे निदान इग्निशन न लावता, टर्मिनलवर मल्टिमीटर धरा. १२.६ व्होल्टच्या आसपास असेल तर बॅटरी पूर्ण चार्ज आहे, १२.४ म्हणजे साधारण पाऊण, १२.२ म्हणजे अर्धी. १२च्या खाली असेल तर ती उतरलेली आहे. पण हा आकडा एकटा फसवतो. म्हातारी बॅटरी नुसती उभी असताना १२.५ दाखवते आणि सेल्फ मारला की कोसळते. म्हणून कुणाला तरी सेल्फ मारायला सांगा आणि तेवढ्या क्षणात काटा कुठवर पडतो ते बघा. साडेनऊच्या खाली गेला, आणि त्याआधी बॅटरी पूर्ण चार्ज होती, तर निकाल लागला. मग इंजिन चालू असताना परत मोजा: १३.८ ते १४.५ यायला हवेत. १३च्याही खाली अडकत असेल तर आधी अल्टरनेटर आणि त्याचा बेल्ट दाखवा.

काही ठिकाणी अल्टरनेटर तपासायला चालू गाडीचं टर्मिनल काढतात. हे कुणालाही करू देऊ नका. त्या क्षणी व्होल्टेज उसळतं आणि इसीएम, म्हणजे इंजिन सांभाळणारा कॉम्प्युटर, जळू शकतो. तो बॅटरीपेक्षा कितीतरी महाग पडतो.

टर्मिनलवर पांढरी-हिरवी बुरशी साचली असेल तर ती आधी खायचा सोडा घातलेल्या गरम पाण्याने धुवा, कोरडं करा, घट्ट आवळा, वर व्हॅसलीन लावा. नुसत्या सैल टर्मिनलमुळेही सेल्फ कुरकुरतो. आणि गाडीला डॅशकॅम किंवा जीपीएस ट्रॅकर जोडलाय का, तेही बघा. गाडी बंद असताना ५० मिलिअँपिअर ओढले जात असतील तर दिवसाला १.२ अँपिअर-तास, म्हणजे दहा दिवसांत १२. तुमच्या बॅटरीची क्षमता ३५ अँपिअर-तास असेल तर तिचा एक तृतीयांश त्यातच जातो. उतरलेली बॅटरी तशीच पडून राहिली की प्लेटांवर सल्फेटचे कडक खडे धरतात, आणि मग कितीही चार्ज केली तरी पूर्वीसारखी होत नाही.

बदलायची ठरली तर जुन्या बॅटरीवरचा नंबर जसाच्या तसा लिहून घ्या. ३८बी२०एल आणि ३८बी२०आर यांत आकार एकच, टर्मिनलच्या बाजू उलट. चुकीची आणली तर केबल पोचत नाही. सिग्नलला इंजिन आपोआप बंद होणारी गाडी असेल तर कंपनीने दिलेली ईएफबी किंवा एजीएमच (वारंवार बंद-चालू सोसणाऱ्या बॅटऱ्यांचे हे प्रकार) घाला, साधी तिथे लवकर संपते. दुकानातली बॅटरीही पडून उतरत असते, म्हणून निर्मितीचा महिना विचारा आणि बसवण्याआधी तिथेच मोजायला लावा, १२.४च्या खाली असली तर दुसरी मागा. वॉरंटीत किती महिने फुकट बदलून मिळते आणि त्यानंतरच्या किती महिन्यांत फक्त सूट मिळते, हे वेगवेगळं विचारा. जाहिरातीत बहुतेक दोन्हींची बेरीज सांगतात. कार्डावर तारीख आणि शिक्का घेतल्याशिवाय निघू नका.

स्वतः बसवणार असाल तर काढताना आधी काळं, म्हणजे निगेटिव्ह. लावताना आधी लाल. खालचा क्लॅम्प विसरू नका, आपल्या रस्त्यांवर मोकळी बॅटरी हादऱ्यांनीच मरते. नंतर घड्याळ आणि खिडकीचं ऑटो बटण नव्याने सेट करावं लागेल, त्यात घाबरण्यासारखं काही नाही.

जुनी बॅटरी मात्र भंगारवाल्याला देऊ नका, तो शंभर-दोनशे जास्त देत असला तरी. उघड्यावर फोडलेल्या बॅटरीतलं शिसं आणि आम्ल मातीत आणि नाल्यात जातं, आणि शेजारची लहान मुलं त्याच धुळीत खेळतात. २०२२च्या बॅटरी कचरा व्यवस्थापन नियमांनुसार वापरलेल्या बॅटऱ्या गोळा करून पुनर्वापराला पाठवण्याची जबाबदारी उत्पादकांवर आहे, त्यामुळे नवी घेताना दुकानदार जुनी ठेवून घेतो आणि तिचे पैसे वजा करतो. ती रक्कम बिलावर वेगळी लिहून घ्या.