सरांचा विषय नेमका कोणता?

चिरंजीव,
अनेक आशीर्वाद.

सांगलीत रुजू झालास, बरं वाटलं. पण लगेच ‘मला बहुविद्याशाखीय (अनेक विषय एकत्र आणणाऱ्या) समितीवर घातलंय, काय करू?’ असं विचारलंस, म्हणून माझ्या स्वतःच्या सरांबद्दल लिहितो. २०२० च्या शैक्षणिक धोरणापासून हा शब्द प्रत्येक फायलीत असतो. सरांच्या काळी तो कुणाच्या तोंडी नव्हता. सर रसायनशास्त्राचे, पण मधल्या सुट्टीत सापडायचे ते अर्थशास्त्राच्या नाहीतर मराठीच्या विभागात. ‘मला जरा एक सांगा’ म्हणत खुर्ची ओढायचे.

आम्हाला त्यांनी सांगलीजवळच्या हरिपूरला हळदीची पेवं बघायला नेलं. सोबत अर्थशास्त्राच्या मॅडम. पेव म्हणजे जमिनीच्या पोटातलं खोल कोठार, तोंड अरुंद. ते बंद करून लिंपलं की आतला प्राणवायू संपत जातो, कीड जगत नाही. म्हणूनच उघडल्यावर लगेच कुणी उतरत नाही. आधी वारं खेळू देतात, मग पेटता कंदील दोरीनं खाली सोडतात. विझला, तर अजून थांबायचं. ज्योत माणसाच्या आधी हार मानते, एवढंच सर म्हणाले आणि पुढचं हमालाला बोलू दिलं. भाव पडलेला असताना शेतकऱ्याला माल थांबवता आला तर काय होतं, हे मॅडमनी तिथंच उभ्यानं समजावलं. पुढं त्या मार्केट यार्डात सौद्याला मुलं नेऊ लागल्या आणि हळदीच्या रंगाचं रसायन सांगायला सरांना बोलावू लागल्या. २००५ च्या महापुरात बरीच पेवं गेली, तेव्हा भूगोलवाल्यांनाही या गप्पांत ओढलं गेलं.

सगळ्यांना हे रुचायचं असं नाही. ‘दुसऱ्याच्या विषयात नाक कशाला?’ म्हणणारे होतेच. पण सर कुणाच्या वर्गात परवानगीशिवाय बसले नाहीत, आणि बसले की शेवटच्या बाकावर, वही उघडून. त्यांचं स्वतःचं रसायनशास्त्र पक्कं होतं. माझ्या मते म्हणूनच त्यांना विचारायला लाज वाटत नसे.

तेव्हा समितीची बैठक राहू दे. आधी शेजारच्या विभागात जा, तुला खरोखर अडलेला एखादा प्रश्न घेऊन. उत्तर देणाऱ्याला वर्गावर बोलाव आणि त्या तासाला तू मुलांत बस. अहवाल नंतर लिहिता येईल. त्याचा नमुना ऑफिसात मिळतो.

तुझा,
सर