वाचकांच्या प्रश्नांना उत्तरं देताना

तुझ्या जादुई कादंबरी-मालिकेचा पहिला भाग वाचून लोक प्रश्न विचारतायत, म्हणजे त्यातलं तुझं जग त्यांना खरं वाटलंय. मनापासून उत्तरं दे. सुरुवातीला एवढंच सांभाळ:

- पुढच्या भागाची तारीख हस्तलिखित पूर्ण होईपर्यंत सांगू नकोस. अंदाजही नको, वाचक अंदाजाला वचन समजतात.
- कुणी शेवट अचूक ओळखला, तर ‘बरोबर’ही नको आणि ‘चूक’ही नको. नवे लेखक इथेच घसरतात: घाबरून कथानकच बदलतात. बदलू नकोस! ज्याने ओळखलं त्याने तुझे धागेदोरे लक्षपूर्वक वाचलेत, आणि तोच सर्वांत आनंदाने पुढचा भाग वाचेल.
- जादूचे नियम, वयं, नातीगोती यांबद्दल जे बोलशील ते वहीत टिपून ठेव.

‘अजून ठरवलं नाही’ हेही उत्तर चालतं.