‘इन्स्टॉल केलंच नाही’ हा बचाव टिकत नाही

प्रश्न : मी एका छोट्या स्ट्रक्चरल कन्सल्टन्सीत तीन वर्षं डिझाइन इंजिनिअर आहे. इमारतींच्या सांगाड्याचं गणित करणाऱ्या स्टॅड-प्रो या सॉफ्टवेअरचं पोर्टेबल, म्हणजे इन्स्टॉल न करता थेट चालणारं व्हर्जन सरांनी पेनड्राइव्हवर दिलंय; ते मी माझ्याच लॅपटॉपवर वापरते. गेल्या आठवड्यात ऑफिसला ईमेल आला : विनापरवाना वापर आढळला आहे, खुलासा करा. सर म्हणतात, ‘‘इन्स्टॉल केलेलंच नाही, मग पुरावा कसला? लॅपटॉप फॉरमॅट करून टाक.’’ काय करू?

उत्तर : फॉरमॅट करू नका. बाकीचं उत्तर सावकाश वाचलंत तरी चालेल. नोटीस आल्यावर पुरावा पुसणं हा वेगळा गुन्हा होऊ शकतो, आणि तो आधी तुमच्याच गळ्यात पडेल. लॅपटॉप तुमचा आहे, सरांचा नव्हे.

आता ‘इन्स्टॉल केलं नाही’बद्दल. कॉपीराइट कायदा, १९५७ च्या कलम ६३-बला इन्स्टॉल करण्याशी देणंघेणं नाही. बेकायदा प्रत संगणकावर जाणूनबुजून ‘वापरली’ की झालं. शिक्षा सात दिवसांपासून तीन वर्षांपर्यंत कैद आणि ५० हजार ते दोन लाख रुपये दंड. वापर कमाईसाठी किंवा धंद्यात नसेल, तर न्यायालय कैद टाळू शकतं. पण फी घेऊन डिझाइन देणाऱ्या ऑफिसला ती पळवाट नाही.

पोर्टेबल असणं हा काही गुन्हा नव्हे. कितीतरी ओपन सोर्स प्रोग्रॅम अधिकृतपणेच तसे मिळतात. तुमचं मात्र परवाना न मागता चालतं, म्हणजे परवाना तपासणारा भाग कुणीतरी निकामी केलाय. ‘बॅकअप कॉपी आहे’ असंही म्हणता येणार नाही. ती मुभा रीतसर प्रत बाळगणाऱ्यालाच आहे.

पुरावा कसला, असं सर विचारतात ना? स्टॅडची एखादी आउटपुट फाइल उघडा. पहिल्याच पानावरच्या चौकटीत व्हर्जन, तारीख, वेळ आणि खाली ‘यूजर आयडी’ची ओळ दिसेल. तिथं तुमच्या ऑफिसचं नाव आहे का? हीच पानं रिपोर्टला जोडून क्लायंटला गेली असतील, तर पुरावा तुम्हीच बाइंडिंग करून वाटलाय.

‘सरांनी सांगितलं म्हणून’ एवढ्यावर सुटका नाही, कारण वापरणारं बोट तुमचं. पण कलम ६९ नुसार कारभार पाहणाराही जबाबदार धरला जातो, आणि त्यात भागीदारी फर्मसुद्धा येते. म्हणून आजच सरांना दोन ओळींचा ईमेल करा : हे व्हर्जन मी यापुढे वापरणार नाही, परवाना असलेली प्रत द्या. तोंडी नको. पेनड्राइव्ह जसा आहे तसा ठेवा. आलेल्या ईमेलमधल्या लिंकवर क्लिक करू नका. सॉफ्टवेअर कंपनीच्या नावानं फसवणूकही होते. तो खरा आहे का, हे कंपनीच्या अधिकृत पत्त्यावरून ऑफिसला तपासू द्या. खरा निघाला तर उत्तर ऑफिसनं वकिलामार्फत द्यावं. अशी प्रकरणं बरेचदा परवाने विकत घेऊन, तडजोडीनं मिटतात. तुमच्यापुढं तडजोडीचा कागद आला, तर स्वतःच्या वकिलाला दाखवल्याशिवाय सही करू नका.

मला खरी धास्ती वेगळीच आहे. उद्या एखाद्या इमारतीच्या बीमला तडा गेला आणि वाद कोर्टात आला, तर समोरचा वकील आधी ती चौकट दाखवेल; गणित बरोबर होतं की नाही, हे नंतर. छेडछाड केलेल्या प्रोग्रॅमनं गणित बरोबरच केलं, हे तुम्ही सिद्ध कसं करणार? म्हणून ज्या इमारतींचं काँक्रीट अजून ओतायचं आहे, त्यांची मॉडेल्स आधी परवाना असलेल्या प्रतीवर पुन्हा चालवून घ्या.