गाडीतला थर्मोइलेक्ट्रिक कूलर पीसीच्या वॉटर कूलिंगला जोडला तर चालेल का?

चालेल, तासभर. तुम्ही लिहिलंय की बारा व्होल्टचा कूलर घरात पडून आहे, त्यात पाणी भरून प्रोसेसरचं लूप, म्हणजे त्याला गार ठेवणाऱ्या पाण्याचा नळीतला फेरा, त्यातून फिरवायचं आणि पाण्यातली उष्णता हवेत सोडणारा रेडिएटर काढून टाकायचा. नेमकं हेच मी इंदूरला भर मे महिन्यात केलंय, तेही मनाविरुद्ध, म्हणून सविस्तर लिहितो.

मी लग्नांचे व्हिडिओ एडिट करतो. मशीन रात्ररात्र रेंडरला, म्हणजे एडिट केलेल्याचा अंतिम व्हिडिओ बनवायला, लागलेलं असतं. रामबागेतलं आमचं घर जुनं, माझी खोली वर पत्र्याखाली, रात्रीसुद्धा आत ३५ अंश. प्रोसेसर ८५ च्या खाली येईना. हे ऐकून आमचे भाऊजी, म्हणजे ताईचे यजमान, त्यांचा गाडीतला कूलर घेऊन आले. म्हणाले, "यात पाण्याच्या बाटल्या गार होतात, तुझा प्रोसेसर नाही होणार?" मी म्हटलं, भाऊजी, बाटली एकदा गार झाली की झाली. प्रोसेसर रेंडरला दर क्षणी १०० वॅट उष्णता ओततो, आणि तुमचा डबा स्वतः ५०-६० वॅट वीज खाऊन जेमतेम २०-३० वॅट बाहेर काढतो. त्यावर त्यांचं उत्तर, "ही नवीन टेक्नॉलॉजी आहे, तुला नाही कळायची." नवीन कसली? वीज सोडली की एक बाजू गार आणि दुसरी गरम होते, त्यावरच हा डबा चालतो, आणि पेल्टिए नावाच्या फ्रेंच माणसाला हा परिणाम १८३४ मध्ये दिसला होता. पण आईने डोळ्यांनी दटावलं. जावयाशी वाद कोण घालणार?

डब्यात १२ लिटर पाणी भरलं, तांब्याच्या नळीचं वेटोळं त्यात बुडवलं, रेडिएटर काढला. डबा आदल्या रात्रीपासून चालू होता, पाणी २० अंशांवर आलेलं. रात्री साडेनऊला रेंडर लावला. प्रोसेसर ५८. भाऊजींचा चेहरा फुलला. साडेदहाला पाणी २५-२६, प्रोसेसर ६४, तरी उत्तमच. आमरस-पुरीचं जेवण झालं, "बघितलंस?" म्हणून ते घरी गेले.

मी जागा राहिलो. साडेबाराला पाणी ३६. एकला ३९, म्हणजे खोलीपेक्षाही गरम. पहाटे पाचला पाणी ५१, प्रोसेसर ९० च्या वर जाऊन स्वतःचा वेग कमी करत होता. सहाला संपणारा रेंडर साडेआठला संपला आणि पार्टीला पेन ड्राइव्ह उशिरा मिळाला. बोलणी मी खाल्ली, भाऊजींनी नाही.

झालं काय, ते हिशोबात बसतं. १२ लिटर पाणी एक अंश तापायला सुमारे ५० किलोज्यूल लागतात. निव्वळ ८० वॅट आत येत असतील तर दर दहा-अकरा मिनिटांना एक अंश. पहिला तास गारवा दिला तो आदल्या रात्री साठवलेल्या पाण्याने. पेल्टिए त्यात नावापुरता होता. आणि पाणी खोलीपेक्षा तापलं की डब्याचा थर्माकोल उलट ती उष्णता आत कोंडून ठेवतो. रेडिएटर असता तर पाणी खोलीच्या फार वर गेलंच नसतं. आजही कुठल्याही लग्नकार्यात भाऊजी चार लोकांत सांगतात, "मी होतो तोवर २५ अंश होतं." खरं आहे. ते तेवढाच वेळ होते.

तुमच्यासाठी: मोठा, ३६० मिमीचा रेडिएटर घ्या, पंख्यांतली धूळ काढा, प्रोसेसरची पॉवर लिमिट थोडी उतरवा. इंदूरसारख्या कोरड्या उन्हाळ्यात मी त्याच तांब्याच्या वेटोळ्याला खोलीतल्या खसच्या कूलरच्या टाकीत सोडलं. बाहेर ४० अंश असताना टाकीतलं पाणी २४-२५ राहतं, कारण बाष्पीभवन फुकटात उष्णता नेतं, आणि कूलर तसाही चालूच असतो. दोन उन्हाळे रेंडर वेळेवर निघाले. भाऊजींना हे दाखवलं तर म्हणाले, "हा तर जुगाड झाला."

हो, पाऊस लागला की टाकीची युक्ती संपली, हवाच दमट होते. पेल्टिएचं तर पावसाळ्यात आणखी वाईट: ऑगस्टमध्ये पाणी २० वर आणलंत तर नळीवर दव धरेल आणि थेंब मदरबोर्डवर पडतील. वेटोळं बंद लूपचंच हवं, टाकीतलं बोअरिंगचं क्षारवालं पाणी प्रोसेसरवर बसणाऱ्या वॉटर ब्लॉकमध्ये जाता कामा नये. तुमच्या डब्यात आतून ॲल्युमिनियमची पाटी पाण्याला लागत असेल तर तांब्याबरोबर ती गंजेल. डबा पीसीच्या एसएमपीएसवर (पीसीला वीज देणाऱ्या पॉवर सप्लायवर) लावू नका, वेगळा ॲडॅप्टर घ्या. लूपमध्ये छोटा रेडिएटर ठेवून, दिवसातून एखादा तास गेम खेळण्यापुरतं करायचं असेल तर करून बघा, तेवढं निभेल.

आणि मोजायचंच असेल तर पाण्यात थर्मामीटर टाकून चौथ्या तासाचा आकडा मला कळवा, पहिल्या तासाचा नको.