क्लार्क ट्रान्सफॉर्मेशनमधला क्लार्क नक्की कोण होता?

होता नाही, होती. ईडिथ क्लार्क. थ्री-फेज विजेचं गणित सोपं करायची जी पद्धत इलेक्ट्रिकलला शिकवतात, ती हिच्या नावाची. पुस्तकात नुसतं आडनाव छापतात, त्यामुळे आमच्या वर्गात सगळे कोणीतरी दाढीवाले म्हातारबुवा धरून चालायचे, व्हायव्हाला पण कधी कोणी विचारलं नाही.

बाई मूळच्या अमेरिकेतल्या मेरीलँडच्या, जन्म १८८३. आईवडील लहानपणीच गेले, वाट्याला आलेले पैसे तिने शिक्षणात घातले आणि १९०८ ला व्हॅसर कॉलेजातून गणित-खगोलशास्त्र केलं, मग मास्तरकी, मग एटी अँड टी या टेलिफोन कंपनीत आकडेमोडीचं काम, आणि १९१९ ला एमआयटीतून इलेक्ट्रिकलची मास्टर्स, जी तिथे तिच्याआधी एकाही बाईने केली नव्हती. एवढं शिकून इंजिनिअरची नोकरी कोणी देईना. जनरल इलेक्ट्रिकने घेतलं ते टर्बाइन विभागात हिशोब करणाऱ्यांवर सुपरवायझर म्हणून.

तिथे असतानाच तिने लांब ट्रान्समिशन लाईनसाठी (दूरवर वीज नेणाऱ्या तारा) एक ग्राफिकल कॅल्क्युलेटर, म्हणजे आलेखावर उत्तर वाचायचं साधन, काढला. लाईन लांब असली की इंडक्टन्स, कपॅसिटन्स हे तारेचे गुणधर्म एका जागी धरून भागत नाही, पूर्ण लांबीवर पसरलेले धरावे लागतात, मग समीकरणात हायपरबोलिक फंक्शन येतात, तेही कॉम्प्लेक्स आकड्यांचे, हाताने सोडवताना डोकं उठतं नुसतं. तिच्या आलेखावर उत्तर वाचून घेता यायचं. पेटंटचा अर्ज १९२१ चा, मिळालं १९२५ ला.

म्हणजे काम इंजिनिअरचं आणि हुद्दा दुसराच. मग १९२१ ला बाई नोकरी सोडून थेट तुर्कस्तानात, कॉन्स्टँटिनोपलच्या महिला कॉलेजात फिजिक्स शिकवायला गेल्या. परत आल्यावर १९२२ ला त्याच कंपनीने इंजिनिअर म्हणून घेतलं! मला तरी ट्रान्सफॉर्मपेक्षा हे जास्त भारी वाटतं.

आता ट्रान्सफॉर्मचं. तीन फेजच्या तीन करंटऐवजी अल्फा, बीटा आणि झिरो असे घटक धरायचे, न्यूट्रलची चौथी तार नसेल तर झिरो जातो आणि दोनच उरतात. तिला हे हवं होतं ग्रिडमधल्या अनबॅलन्स्ड फॉल्टच्या (तिन्ही फेजवर सारखा नसलेला बिघाड) गणितासाठी, १९४३ च्या तिच्या जाडजूड पुस्तकात सगळं आहे. आज तेच व्हेक्टर कंट्रोलवाला व्हीएफडी, म्हणजे मोटरचा वेग कमीजास्त करणारा ड्राइव्ह, सेकंदाला हजारो वेळा करतो, मोटरचा करंट मोजला की आधी क्लार्क, मग पार्क नावाचं पुढचं ट्रान्सफॉर्म.

पुढे १९४७ पासून ऑस्टिनला टेक्सास विद्यापीठात इलेक्ट्रिकलच्या प्रोफेसर, १९५९ ला गेल्या.

आणि पुढचा प्रश्न पार्कचा असेल तर तो बाप्याच, रॉबर्ट पार्क, तोही जनरल इलेक्ट्रिकचाच.