डिजिटल रेगे करायचाय? आधी बास सांभाळा

सॅम्पल पॅक (तयार आवाजांचा संच) विकत घेण्याआधी 1985 चा ‘स्लेंग टेंग’ रिडिम, म्हणजे गाण्याखालचा बास-ड्रमचा साज, कान देऊन ऐका. जमैकाचा संगीत-निर्माता किंग जॅमी याने तो वेन स्मिथच्या आवाजात ध्वनिमुद्रित केला. मूळ ठेका मात्र कॅसिओ एमटी-40 या छोट्या कीबोर्डमधला, त्यात आधीच भरलेल्या ‘रॉक’ प्रीसेटचा. जॅमीने त्याची गती कमी केली आणि तिथूनच गाणं जड झालं.

सुरुवातीला टेम्पो 80 ठेवा, म्हणजे मिनिटाला 80 मात्रा. बाससाठी सिंथची साधी साइन किंवा चौकोनी (स्क्वेअर) लहर पुरते. चौकोनी घेतलीत तर लो-पास फिल्टर (फक्त खालचे स्वर जाऊ देणारा) लावून वरची किरकिर काढा. चार मात्रांत बासला कुठेतरी श्वास घेऊ द्या. नवखे लोक प्रत्येक जागा भरतात आणि मग रेगेचा डोलच जातो.

ऑर्गन किंवा पियानोचे कॉर्ड दुसऱ्या आणि चौथ्या मात्रेवर, अगदी तोडून. नोट लांबली की ती बासवर चढते, म्हणून कॉर्डला 300 हर्ट्झच्या आसपास हाय-पास फिल्टर (त्याखालचे स्वर कापणारा) लावा.

डिले, म्हणजे आवाजाचा प्रतिध्वनी, मोजून घ्या: 80 टेम्पोला एक मात्रा 750 मिलिसेकंद, म्हणजे पाऊण मात्रा साधारण 563; डिले तेवढा ठेवा. फीडबॅक (प्रतिध्वनी किती वेळा परतेल ते) 40 टक्के पुरे. परतणाऱ्या आवाजातला खर्ज कापला नाहीत तर दोन ओळींत सगळा चिखल. बासवर डिले तर नकोच. स्नेअर ड्रमच्या एखाद्याच ठोक्यावर सेंड (आवाज डिलेकडे पाठवणारी पट्टी) वर ढकला, लगेच खाली आणा. हे माउसने नव्हे, मिक्सरच्या सरकत्या फेडरवर बोट ठेवून करा. हाताची थोडी चूक इथे शोभते.